अक्रोडाच्या लाकडातील चिनारपान

श्रीनगरला जाणारा प्रवासी दल सरोवरात शिकाऱ्यातून फिरतो, मोगल बागा पाहतो आणि समाधानाने परततो. झेलमकाठच्या जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांत शिरणारे थोडेच. तेथे एखाद्या उघड्या दारातून लाकडी हातोडीचे मंद ठोके ऐकू आले, की समजावे, आत अक्रोडाच्या लाकडावर नक्षी उमटत आहे.

काश्मिरी हस्तकलांना मोठा राजाश्रय लाभला तो पंधराव्या शतकात, सुलतान झैनुल आबिदीन याच्या कारकीर्दीत. इराण व मध्य आशियातून त्याने कारागीर आणविले, असे परंपरा सांगते. नक्षीतील आकृती मात्र या खोऱ्यातल्याच: चिनाराचे पान, कमळ, गुलाब, द्राक्षवेल. नक्काश त्या प्रथम फळीवर पेन्सिलीने रेखतो आणि मग पटाशीने भोवतालचे लाकूड उतरवीत जातो. उत्तम कामात पानाची कडा खालूनही पोखरलेली असते. म्हणूनच पाकळीखाली खरी सावली पडते.

या कामाला घाई मानवत नाही. फळ्या सावलीत, मधून वारा खेळेल अशा रचून काही वर्षे सुकवाव्या लागतात. कच्च्या लाकडाचे मेज दूरच्या उष्ण प्रदेशात पोचले, की तडकते आणि बदनामी साऱ्या काश्मीरची होते. मुळाजवळचे लाकूड गडद व मोलाचे, फांद्यांचे फिके. त्यावर रंग चढवीत नाहीत; घासून, मेण लावूनच झळाळी आणतात. झाडही सहजासहजी मिळत नाही: १९६९ च्या कायद्याने परवान्यावाचून अक्रोड तोडण्यास बंदी आली.

आता संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे अशीच नक्षी अल्पावधीत कोरतात. वस्तू स्वस्त पडते. गिऱ्हाईक खूश होते. पण हाताचे काम शिकण्यात उमेदीची वर्षे घालविणाऱ्या तरुणाने यंत्राच्या भावात पोट कसे भरावे? या कलेचे भवितव्य कारागिराइतकेच घेणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे. यंत्राची पाने एकाच साच्यातली; हाताची पाने भावंडांसारखी, सारखी असूनही वेगळी.

म्हणून मेज घेताना किंमत विचारण्यापूर्वी पानाच्या कडेखाली एकदा बोट फिरवून पाहावे.