डुगडुगणारा आरसा

माझ्याकडे एमजी आहे असं सांगितलं की पुण्यातले मित्र विचारतात, "हेक्टर घेतलीस?" तर मंडळी, हेक्टर नव्हे. हेक्टर भारतात आली २०१९ मध्ये. माझी गाडी आहे एमजीबी, १९७२ सालची, दोन सीटची, उघड्या टपाची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळचं ऑक्सफर्डचं. ही गाडी बनली ॲबिंग्डनच्या कारखान्यात. तो १९८० मध्ये बंद पडला. मी राहतो रेडिंगला, म्हणजे गाडीचं माहेर आमच्यापासून पाऊण तासावर.

इंजिन अठराशे सीसीचं, दोन कार्ब्युरेटर, आणि कॉम्प्युटर नावाची वस्तू गाडीत औषधालाही नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला याचं केवढं सुख असतं ते सांगून कळायचं नाही. फक्त एकच तक्रार होती. दाराचे आरसे डुगडुगायचे. साठ मैलांच्या वर गेलं की वाऱ्याने हळूहळू मान टाकायचे. आधी मागचा ट्रक दिसायचा, मग ट्रकची चाकं, मग नुसता डांबरी रस्ता.

मी काय केलं? जे आपण सगळेच करतो ते. ऑनलाइन नवीन जोडी मागवली, शनिवारी सकाळी जुने काढून नवे बसवले. अर्ध्या तासात काम फत्ते, चहा, फोटो. हे आरसे असे बसतात: एक छोटी बैठक दाराच्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी घट्ट करायची, त्यावर आरशाचा दांडा सरकवायचा आणि खालून एक बारीकसा ग्रब स्क्रू एलन कीने आवळायचा. पत्र्यातली भोकं जरा मोठी झाली होती, म्हणून मी थोडे जाड स्क्रू ठोकले. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर पॅच मारला.

तीन आठवडे टिकला.

चौथ्या आठवड्यात मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी एम-फोरवर होतो. टप लावलेला होता. टप लावला की या गाडीत मागचं तिरकं काहीच दिसत नाही, मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडलेली. सगळी भिस्त आरशावर. पुढे लॉरी होती, मी उजवीकडच्या आरशात बघितलं, रिकामा दिसला, आणि गाडी उजवीकडे घातली. रिकामा दिसला कारण तो आकाशाकडे बघत होता. बैठकीसकट फिरला होता. शेजारून इतका मोठा हॉर्न आला की मी परत कसा आत आलो ते मला आजही नीट आठवत नाही. मुलगी काही बोलली नाही. घरी जाऊन आईला मात्र सगळं सांगितलं, अगदी व्हॅनच्या रंगासकट.

बायकोने आरडाओरडा केला नाही. गाडीची किल्ली घेतली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली. "नीट कर, मग माग," एवढंच.

त्याच सुमारास बाबा आले, तीन महिन्यांसाठी. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेली. आई गेल्यानंतर त्यांची ही पहिलीच खेप. दिवसभर खिडकीत बसायचे, विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. आरसा बघून मात्र गॅरेजमध्ये स्टूल ओढून बसले.

पहिली अडचण माझीच करणी होती. ग्रब स्क्रू इंची मापाचा, तीन-बत्तिसांशचा, म्हणजे साधारण २.४ मि.मी. माझ्याकडच्या चाव्या मेट्रिक. अडीचची आत जाईना म्हणून मी दोनची चावी घालून जोर लावला होता. स्क्रूच्या आतले कोपरे पार गोल. आता तो ना आवळला जात होता ना सुटत होता.

"घाई," बाबा म्हणाले. एवढाच शेरा.

मग अडीचची चावी आणि कानस घेऊन बसवलं त्यांनी मला. चावीचं टोक अगदी किंचित निमुळतं करायचं. त्यांनी स्वतः कानस उचलली होती, पण हात थरथरायला लागला तशी मुकाट्याने माझ्याकडे दिली. याबद्दल दोघेही काही बोललो नाही. "पुढे जाताना दाब, येताना उचल. खाजवतोयस काय नुसता." कानस सुरुवातीला नुसतीच घसरत होती, चावीचं पोलाद कडक. (स्वस्तातली होती म्हणून तरी लागली.) मग रात्रभर तेल सोडलं, सकाळी चावी हातोडीने हलकेच आत ठोकली आणि फिरवली. "कट्" असा आवाज आला आणि सुटला! प्रॉडक्शनमधला बग सापडल्यावरही मी एवढा ओरडलो नव्हतो :)

खरी गोम पुढे होती. बैठक काढल्यावर बाबांनी भोकात बोट घातलं. "आरसा नवा आणलास, पण पत्रा जुनाच. पातळ पत्र्याला आटे कुठून राहणार? वारा रोज हलवणार, भोक रोज मोठं होणार." पन्नास वर्षांत कितीजणांनी तिथे जाड स्क्रू ठोकले असतील देव जाणे. मी शेवटचा.

उपाय असा: दाराचं आतलं पॅनेल काढायचं आणि पत्र्याच्या मागून ३ मि.मी. जाडीची लोखंडी पट्टी लावायची. तिला ४.२ची भोकं पाडून ५ मि.मी.चे आटे पाडायचे, म्हणजे स्क्रू पत्र्याला नाही तर पट्टीला धरतो. मी ड्रिल घेऊन दाराचं भोक साफ करायला निघालो तर बाबा स्टुलावरून ओरडले, "काच वर कर आधी!" खिडकी उघडी असली की काच दारात, बरोबर त्या पत्र्याच्या मागेच असते. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बैठकीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घातला, पाणी आत जाऊ नये आणि थरथर कमी व्हावी म्हणून. ग्रब स्क्रूसाठी मी लॉकटाइट काढलं, पण बाबांनी सूनबाईंकडून नेलपॉलिश मागवलं. स्क्रूवर लाल थेंब. "हलला तर चीर दिसते. तुझ्या त्या बाटलीत दिसते का?" नाही दिसत. नवा स्क्रू अर्थातच योग्य चावीने आवळला.

एका दाराला दोन दिवस लागले. पट्ट्या मात्र त्यांनी दोन्ही करून घेतल्या, डावीवर खिळ्याने "डा" कोरून ठेवलं. किल्ली परत मिळाली.

रविवारी त्यांना घेऊन ॲबिंग्डनला गेलो. उजवा आरसा दगडासारखा. डावा वेग वाढला की मान टाकायचा. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून तो धरला आणि तसाच धरून बसले. त्यांचा हात थरथरत होता, आरसाही. "दिसतंय का तुला?" दर थोड्या वेळाने विचारायचे.

"दिसतंय बाबा."

"डावा पुढच्या शनिवारी करू."

त्यांचं विमान गुरुवारचं होतं. त्यांनाही ते माहीत होतं. "डा"वाली पट्टी अजून गॅरेजच्या खणात आहे. फोनवर दर रविवारी विचारतात, "बसवलीस का?" मी म्हणतो, तुम्ही आल्यावर.