वर की खाली?

नोकरीतून सुटून पुष्कळ वर्षे झाली, तरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मीच लिहिलेला एक शब्द मला अजून छळतो. भामरागडकडे मी मास्तर होतो. एक माडिया पोरगा दाखल व्हायला आला. ‘मातृभाषा’ या रकान्याशी माझे पेन अडले. “घरी मराठी बोलता की हिंदी?” मी विचारले. त्याला प्रश्नच कळला नाही. तो नुसता हसला, आणि मी ‘मराठी’ लिहून मोकळा झालो.

तोच पोरगा आज चंद्रपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. यंदा पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा रस्ता बंद पडला, आणि गावी निघालेला तो आलापल्लीला माझ्याकडे दोन रात्री अडकला. वीज गेलेली. वेळ जावा म्हणून मी विचारले, “सध्या वर्गात काय चालले आहे?”

“चांदी,” तो म्हणाला.

१९२२ साली जर्मनीत, फ्रँकफुर्टला, स्टर्न आणि गेर्लाख या दोघांनी भट्टीत चांदी तापवून तिच्या वाफेचा बारीक झोत चुंबकातून सोडला. चुंबकाचे एक टोक पात्यासारखे धारदार, दुसरे खोबणीचे. म्हणजे ओढ सगळीकडे सारखी नाही. चांदीचा प्रत्येक अणू हाही एक इवलासा चुंबकच. तो जसा कललेला असेल तसा ढकलला जाणार. अणू वाटेल तसे कललेले, तेव्हा काचेवर एक सलग पट्टा उमटावा. उमटल्या दोन रेघा! मधे काही नाही. (त्या रेघा आधी दिसतच नव्हत्या म्हणे. स्टर्नच्या स्वस्त चिरुटाच्या धुरातल्या गंधकाने चांदी काळी पडली, तेव्हा दिसल्या. व्यसनाचा एवढा उपयोग मी दुसरा ऐकला नाही.) हा इलेक्ट्रॉनचा ‘स्पिन’, हे मागाहून उमगले, ती कल्पनाच १९२५ सालची.

“पण खरी मौज पुढे आहे, गुरुजी. ‘वर’ गेलेले तेवढेच अणू घ्यायचे आणि आडव्या चुंबकातून सोडायचे. निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. त्यांतले उजवे घेऊन पुन्हा उभ्या चुंबकाला द्यायचे. आता पुन्हा निम्मे वर, निम्मे खाली. पहिले उत्तर पार पुसले जाते.”

“मग चुंबकात शिरण्याआधी तो अणू होता तरी कसा?”

“ते विचारून भागत नाही. चुंबक उभा धरला, की उत्तर वर किंवा खाली, एवढेच.”

मी गप्प झालो. थोड्या वेळाने रजिस्टराची गोष्ट काढली.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “माझ्या दाखल्यावर तेच आहे.” आणि अगदी तसाच हसला. “आता घरी गेलो, की आजी माडियात विचारते आणि माझ्या तोंडून निम्मे उत्तर मराठीत निघते. ती रागावते.”

बाहेर पावसाची झोड चालूच होती. पुराला तुमच्यात काय म्हणतात, असे मी विचारले. तो जरा थांबला, मग त्याने शब्द सांगितला. मी तीनदा म्हणून पाहिला. तिन्ही वेळा चुकला.