उंबरठ्याच्या आतले पाऊल

ऋग्वेदात विश्पलेचा उल्लेख येतो. संग्रामात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूची जंघा दिली. सूक्तकाराला एवढे पुरेसे वाटले. पुढे ती जेवायला कशी बसली, रात्री तो पाय तिने कुठे ठेवला, हे कोणी विचारले नाही. वस्तुतः पाय गमावलेल्या माणसाची खरी कसोटी रणांगणावर नसते. ती घराच्या उंबरठ्याच्या आत असते.

गेलेला अवयव एकदम जात नाही. नसलेल्या तळव्याला खाज सुटते, नसलेली बोटे आखडतात. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन वैद्याने १८७१ मध्ये या अनुभवाला ‘भासमान अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. पहाटेच्या अर्धवट झोपेत माणूस सवयीने दोन्ही पाय खाली सोडतो आणि कोसळतो. देहाची स्मृती वास्तवाहून हट्टी असते. त्यात मराठी भाषेने स्वावलंबनालाच ‘स्वतःच्या पायांवर उभे राहणे’ म्हटलेले. ते शब्द अशा माणसाला रोज नव्याने बोचतात.

आपले जगणे जमिनीलगतचे. पंगत, चूल, देवघर, शेताचा बांध, सर्वत्र मांडी घालावी लागते किंवा उकिडवे बसावे लागते. पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय बुटासाठी घडवलेला. त्याचा घोटा ताठ. आणि बूट तर दाराबाहेरच काढायचे! साहजिकच मोठ्या खर्चाने मिळालेला पाय कोपऱ्यात पडे आणि माणूस पुन्हा कुबड्या घेई. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ही विसंगती ओळखली. फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या हातांनी १९६८ च्या सुमारास रबर आणि लाकूड यांतून तिला उत्तर दिले. हा पाय अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरिबांना विनामूल्य दिला. १९८१ च्या अपघातात उजवा पाय गमावलेल्या सुधा चंद्रन १९८४ मध्ये याच पायाने पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

तथापि टाळ्या मिळतात त्या रंगमंचावर. घरातल्या दुपारी निमूटपणेच सरतात. उन्हाळ्यात खोबणीत घाम साचतो, कातडी सोलवटते. उरलेल्या भागाला सूज आली की कालचा पाय आज बसत नाही. रोज त्वचा तपासावी लागते, पाय बसवावा लागतो, तोल नव्याने शोधावा लागतो. याहून अवघड असते ती माणसांची माया. लग्नघरी पंगत मांडली जाते आणि कोणीतरी लगबगीने म्हणते, “दादा, तुम्हांला खुर्ची आणतो.” त्या खुर्चीत प्रेम असते, पण अंतरही असते. ओळीत बसलेल्यांच्या डोक्यांवरून एकट्याने जेवणे, हे अपंगत्व कोणत्याही शस्त्रक्रियेने आलेले नसते.

म्हणून तो ज्या दिवशी खुर्ची नाकारतो, भिंतीचा आधार घेत सावकाश खाली टेकतो आणि पानासमोर मांडी घालतो, त्या दिवशी काहीतरी सांधले जाते. रात्री तो पाय उतरवून भिंतीशी उभा ठेवतो. तो आपला नाही, हे त्याला ठाऊक असते; पण सकाळी हात अंधारातही नेमका तिकडेच जातो.