ऑक्टोबरचा बर्फ

सॉल्ट लेक सिटीत नोव्हेंबरात पहिली दणकून हिमवृष्टी झाली की स्कीवेड्यांचं कामात लक्ष लागत नाही. लिफ्ट सुरू व्हायला अवकाश असतो, पण तेवढा धीर कुणाला? स्कीच्या तळाला चढताना मागे घसरू न देणारी पट्टी, म्हणजे स्किन, चिकटवायची आणि पहाटेच लिटल कॉटनवूड कॅन्यनमध्ये चढायला लागायचं. आमचा कंपूही असाच निघाला होता.

अडचण एवढीच, की या दिवसांत दक्षिणेकडचे उतार बोडके असतात. स्की चालेल इतका बर्फ मिळतो तो उंचावरच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीतल्या उतारांवर. म्हणजे ऑक्टोबरचा बर्फ न वितळता जिथे पडून राहिला, नेमका तिथेच. आणि खरी गोम त्या जुन्या थरात असते. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकतं, वर रात्रीची हवा कडक गार. थर 40 सेंटिमीटरचा आणि पृष्ठभाग उणे 12 अंशांवर असेल, तर फरक मीटरमागे 30 अंशांचा. तो साधारण 10 च्या पुढे गेला की वाफ खालून वर सरकत राहते, कण कंगोरेदार होतात आणि एकमेकांना धरेनासे होतात. दोन मीटर जाड थरात हाच फरक 6 अंशांवर येतो. बर्फ जितका पातळ तितका बिघडतो, हे नवख्याला काही केल्या पटत नाही.

कंपूतल्या जाणत्या मैत्रिणीने जमिनीपर्यंत खड्डा खणला. तळाच्या बर्फाची मूठ वळेना. जाड्या साखरेसारखा तो बोटांतून सांडला. मग तिने 30 सेंटिमीटर रुंदीचा चौकोनी खांब कापला आणि त्यावर फावड्याचं पातं ठेवलं. मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून, अशी ही चाचणी. खांद्याची पाळी आलीच नाही. कोपरातून मारलेल्या थापा सुरू होताच नव्या बर्फाची अख्खी लादी सुटून खड्ड्यात आली.

"थर जेमतेम गुडघाभर, गाडून गाडणार किती?" कुणीतरी म्हणालंच.

तिने जेमी पिएरचं नाव घेतलं. 2006 मध्ये 255 फुटी कड्यावरून स्कीवर उडी मारून विक्रम करणारा हा गडी 13 नोव्हेंबर 2011 रोजी याच कॅन्यनमध्ये, स्नोबर्ड रिसॉर्ट हंगामासाठी उघडण्याआधी, तिथल्या उतारावर हिमस्खलनात सापडला. तो खोल गाडला गेला नव्हता. खडकांवरून फरफटत गेला होता. अंगावरचा संदेश सोडणारा बीकन गाडलेल्याला शोधून देतो, आपटलेल्याला नाही.

30 अंशांखालच्या उतारावर लादी सहसा सुटत नाही. म्हणून वर उभा उतार नसलेली, झाडांमधली पसरट वाट धरली. दगडांनी स्कींचे तळ खरवडून निघाले. दुरुस्तीच्या दुकानात पोचलो, तर तिथे आधीच रांग.