चारशे अठ्ठ्याण्णव अ

1.
हुंडाबळीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरत होती, पुण्यात बायका मोर्चे काढत होत्या. 1983 साली दंड संहितेत सासरच्या छळासाठी कलम 498 अ आले. 1 जुलै 2024 पासून ते न्याय संहितेचे 85 आणि 86 झाले. ठाण्यात, कोर्टाच्या आवारात, भावकीत अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च.

2.
फिर्याद वाचावी: ‘सुरुवातीला चांगले नांदविले. त्यानंतर माहेरहून पैसे आण म्हणून सर्वांनी संगनमताने वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला.’ जिल्हा बदला, आडनाव बदला, मजकूर तोच.

बाई सांगत असते वेगळेच. नवऱ्याने कुकरचे झाकण पाठीत घातले, त्या दिवशी संकष्टी होती. नणंद मध्ये पडली म्हणून सुटले. पगाराचे एटीएम कार्ड सासूच्या कपाटात. लिहून घेणारा लिहितो, ‘वेळोवेळी मारहाण केली.’ दिवस गेला, झाकण गेले, कार्ड गेले. सोडवणारी नणंद आरोपी क्रमांक चार झाली.

3.
डिसेंबर 2024. तेलंगणातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवरा आणि सासरच्यांवरचा गुन्हा रद्द केला. कोणी, केव्हा, काय केले याचा तपशील फिर्यादीत नव्हता. छळ सोसणाऱ्या बाईने गप्प बसावे असे आमचे म्हणणे नाही, हेही त्याच निकालात आहे. पहिला भाग सगळीकडे फिरला.

4.
बंगळुरूला नोकरी करणारा धाकटा दीर. लग्नात चार दिवस घरी होता. नाव फिर्यादीत आहे, आता पासपोर्टचे नूतनीकरण अडले आहे.

5.
सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल, 2014: सरसकट अटक नको, आधी नोटीस द्या, अटकेची कारणे लेखी मांडा. त्यात 2012 चे आकडे आहेत. दोषारोपपत्रे 93.6 टक्के प्रकरणांत, शिक्षा 15 टक्क्यांत. या 15 वरून ‘बाकीच्या खोट्या’ असा हिशेब मांडला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. तडजोड झाली की फिर्यादी साक्षीत फिरते, तो खटलाही सुटलेल्यांतच धरला जातो.

6.
अटकेआधी तक्रार पाहणाऱ्या कुटुंब कल्याण समित्या: 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणल्या. 2018 मध्ये काढल्या. जुलै 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमावलीला मान्यता देताना पुन्हा आणल्या. गुन्हा नोंदल्यावर दोन महिने अटक नाही. ते दोन महिने तिने राहायचे कुठे?

7.
स्त्रीधनाची यादी: मंगळसूत्र, पाटल्या, लोखंडी कपाट, मिक्सर, पितळी समई एक जोड, बी.एड.चे मूळ प्रमाणपत्र.

शेवटचे आधी मिळायला हवे.

8.
दोघांचे मिटले तरी गुन्हा आपल्याकडे ठाण्यात मिटत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावे लागते. सावंतवाडीच्या जोडप्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

9.
2019 पासून माहेरच्या गावीही फिर्याद देता येते. शेवटच्या घटनेला मात्र तीन वर्षे उलटलेली नसावीत. मध्ये ती दोनदा नांदायला गेलेली असते. ‘इतके दिवस का थांबलात?’ अंमलदार विचारतात.

‘मुलीची दहावी होती.’