जावईबापूंचा शुक्रवार

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता लोदहून मुलीकडे फ्रिस्कोला गेलो होतो. हे गाव टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या उत्तरेला. मुलगी डॅलसच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. हिवाळ्यात तिथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. पहिल्याच शुक्रवारी पाहतो तो जावईबापू दुपारीच घरी हजर. मासळीची कढी त्यांनी केली, नातवंडांना आंघोळी त्यांनी घातल्या, आणि शब्बाथचे दिवे मांडून, शेजारी काडेपेटी ठेवून बायकोच्या मोटारीची वाट पाहत दारात उभे राहिले. दिवे लावायचे ते मात्र तिनेच.

मी म्हणालो, "अहो, तिने जरा लवकर निघायला काय हरकत आहे?"

ते हसले. "बाबा, प्रयोग अर्ध्यावर टाकून येता येत नाही."

मला इरावतीबाई कर्वे आठवल्या. १९२८ साली त्या मानववंशशास्त्र शिकायला जर्मनीस निघाल्या, तेव्हा सासरे महर्षी कर्वे यांनाच ते पसंत नव्हते. ज्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, त्यांना! पाठीशी उभे राहिले ते पती दिनकरराव, स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बर्लिनला बाईंचे गुरू होते ऑयगेन फिशर, पुढे नाझींना वंशभेदाचे 'शास्त्र' पुरवणाऱ्यांपैकी एक. कवट्यांच्या ठेवणीत वंशभेद दिसतो, असे त्यांचे मत. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसे काही आढळत नाही, असे प्रबंधात लिहून दिले. आपल्या लोकांनी तरी हे लक्षात ठेवावे. १९३० साली त्या डॉक्टर झाल्या. पुढे त्या माणसांची मोजमापे घेत गावोगाव हिंडल्या, आणि घराची काळजी दिनकररावांनी वाहिली. बाई त्यांना 'दिनू' म्हणत. त्या काळात!

आमच्या हिने पन्नास वर्षांत माझे नाव घेतलेले नाही. लग्न ठरले तेव्हा ती मुंबईत बी.एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय रसायन. परीक्षा देऊ का, असे तिने विचारले. मी म्हणालो, "आता कशाला?" एवढेच. मनाईसुद्धा केली नाही. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

त्या संध्याकाळी मुलीने कोट न काढताच दिवे लावले. जेवताना ती प्रयोगाविषयी सांगू लागली. हिने मध्येच दोन प्रश्न विचारले. मुलगी थबकली. "आई, तुला हे कसं ठाऊक?"

ही माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कढी वाढ त्यांना."