एका घरांत दोन मापें

एकत्र कुटुंबांतील भांडण बहुधा मोठ्या कारणावरून लागत नाहीं. कोठींत तांदळाचें एक माप असतें. पुढें कोणी तरी सोयीसाठीं दुसरें आणून ठेवतो. दोन्हीं दिसण्यांत सारखींच. मग महिनाअखेर तांदूळ कां पुरले नाहींत याची चौकशी सुरू होते. मापांकडे कोणीच पाहत नाहीं. सर्वांची नजर जाते ती स्वयंपाक करणारीवर. ही गोष्ट आम्हीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकली होती. पुढें एके दिवशीं तें दुसरें माप आणणारे आम्हीच ठरूं, असें मात्र तेव्हां वाटलें नव्हतें.

आमचा व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा, आणि भाषा जावास्क्रिप्ट. या भाषेंत सर्व कांहीं स्वतःच लिहीत बसण्याची चाल नाहीं. दुसऱ्यांनीं लिहून ठेवलेल्या तयार भागांचें एन्‌पीएम नांवाचें एक अफाट सार्वजनिक भांडार २०१० पासून चालू आहे. तेथील प्रत्येक भागास पॅकेज म्हणतात. एक पॅकेज दुसऱ्यावर विसंबतें, दुसरें तिसऱ्यावर. २०१६ च्या मार्च महिन्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचें अवघ्या ११ ओळींचें एक पॅकेज त्याच्या कर्त्यानें भांडारांतून काढून घेतलें, तेव्हां ज्यांनीं त्याचें नांवहि कधीं ऐकलें नव्हतें अशांचींहि कामें अडून बसलीं. आपण कोणाच्या आधारावर उभे आहों, हें पुष्कळदां आधार सुटल्यावरच कळतें.

पॅकेज सुधारलें कीं त्याची नवी आवृत्ति निघते, आणि तिला तीन आंकडे असतात. केवळ दुरुस्ती झाली तर शेवटचा आंकडा वाढतो. जुन्यास धक्का न लावतां नवी भर पडली तर मधला. आणि जुन्या वापरास बाध येणार असेल तर पहिला. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं मांडलेला हा संकेत मोठा शहाणपणाचा आहे. परंतु तो संकेत आहे, कायदा नव्हे. आणि तो एका पॅकेजपुरता बोलतो. घरांतील बाकीच्यांनीं कोणती आवृत्ति घेतली आहे, हें तो सांगत नाहीं.

आमच्या कचेरीचीं स्वतःचीं १४ पॅकेजें एकाच संग्रहांत नांदतात. अशा संग्रहास मोनोरेपो म्हणतात. वाडा एक, बिऱ्हाडें चौदा. आणि प्रत्येक बिऱ्हाडाची बाहेरून आणावयाच्या वस्तूंची यादी निराळी. दोन याद्या जुळल्या तर एन्‌पीएम एकच प्रत आणून ती सर्वांमध्यें सामाईक ठेवतें. न जुळल्या तर तें कोणाकडे तक्रार करीत नाहीं. निमूटपणें दुसरी प्रत आणतें आणि त्या पॅकेजच्या पोटांत ठेवून देतें. हा त्याचा चांगुलपणाच आम्हांस नडला.

२०२२ च्या मार्चमध्यें रिॲक्टची अठरावी आवृत्ति निघाली. पडद्यावर जें दिसतें तें उभें करण्याचें काम आमच्याकडे रिॲक्ट करतें. नव्याचा सोस आम्हांस पहिल्यापासूनच. आमच्या ताब्यांतील मुख्य पॅकेजांत ती आवृत्ति आम्हीं लागलीच घालून घेतली. बटणें, रकाने इत्यादि सामाईक भाग ज्या पॅकेजांत होते, त्याच्या यादींत सतरावीच राहिली. “तें मागाहून पाहूं,” असें आम्ही मनाशीं म्हटलें. सर्व कांहीं सुरळीत चाललें, आणि मागाहून पाहण्याचें राहून गेलें.

पांच महिन्यांनीं एक नवा, होतकरू सहकारी त्या सामाईक पॅकेजांत एक भाग लिहावयास बसला. त्यानें त्यांत रिॲक्टचा ‘हुक’ वापरला. तेथील जुने भाग हुकाच्या पूर्वीच्या पद्धतीचे असल्यामुळें तेथें तो पहिलाच होता. त्याच्या स्वतःच्या चाचणींत भाग उत्तम चाले. मुख्य पानावर नेला कीं पान कोरें होई. अशा वेळीं रिॲक्ट जो संदेश देतें, त्यांत तीन संभाव्य कारणें असतात: रिॲक्ट व त्याचा जोडीदार यांच्या आवृत्ति जुळत नसाव्यात, हुकांचे नियम मोडले असावेत, किंवा रिॲक्टच्या एकाहून अधिक प्रती असाव्यात. पहिलें आणि तिसरें कारण वस्तूंविषयींचें आहे, दुसरें माणसाविषयींचें. कचेरीनें एकमतानें दुसरें निवडलें. मुलगा नवा होता. नियम त्यानेंच मोडले असणार. बैठकींत हें बोलणें निघालें तेव्हां आम्हींहि मान डोलावली.

चार दिवस तो आपल्या तीस ओळी पुनःपुन्हां लिहीत राहिला. पांचव्या दिवशीं त्यानेंच भीतभीत एन्‌पीएमला विचारलें कीं, या घरांत रिॲक्ट कोठें कोठें आहे? उत्तरांत दोन ओळी आल्या: एक अठरा, एक सतरा. चालू कामाची नोंद, जी प्रत पान उभें करते तिच्यापाशींच असते. त्याचा भाग दुसऱ्या प्रतीला विचारीत होता, आणि तिची वही कोरी होती. अठराची ओळ कोणीं व केव्हां लिहिली, हेंहि संग्रहांत नोंदलेलें असतें. तेथें आमचें नांव होतें.

दुसऱ्या दिवशींच्या बैठकींत आम्हीं सर्वांसमक्ष तें सांगितलें. तो एवढेंच म्हणाला, “बरें झालें, सर. आज झोप लागेल.” आम्हांस मात्र त्या रात्रीं लवकर लागली नाहीं.

उपाय अवघड नव्हता. सामाईक पॅकेजनें रिॲक्ट स्वतः आणावयाचें नाहीं; ‘यजमानाकडे असेल तेंच मी वापरीन’ एवढेंच लिहावयाचें. कोणी विचारील कीं, आवृत्ति कायम ठेवणारी कुलूपयादी एन्‌पीएममध्यें २०१७ पासून आहे, ती काय करीत होती? ती आपलें काम चोख करीत होती. कुलूप कोठींतील दोन्हीं मापें सांभाळतें. त्यांतलें एक काढून टाकणें हें कुलुपाचें काम नव्हे. पुढें २०२४ सालीं पीएनपीएम या साधनानें ‘कॅटलॉग’ची सोय दिली, आणि आमच्या कचेरीनें ती उचलली. आवृत्तीचा आंकडा एकाच सामाईक यादींत लिहावयाचा. प्रत्येक पॅकेजनें आपल्या यादींत ‘कॅटलॉगांत असेल ती’ एवढेंच म्हणावयाचें. परभारें आंकडा लिहिलेला सांपडला तर तपासणीचें यंत्र तें काम परत पाठवितें.

हें फुकट मिळत नाहीं. पूर्वीं एकट्यास पुढें जातां येई. आतां जावयाचें तर चौदांनीं मिळून जावें लागतें. आलेख काढणारें एक जुनें पॅकेज नव्या रिॲक्टशीं जुळेना, तेव्हां तें बदलण्यांत तीन आठवडे गेले, आणि तोंवर सर्वांना थांबावें लागलें. पूर्वीं आम्ही या थांबण्यास आळस म्हणत असूं. आतां वाटतें कीं, आमच्या त्या घाईची किंमतहि कोणीं तरी मोजीतच होतें. फक्त तें मोजणारे आम्ही नव्हतों.

ती सामाईक यादी आज तोच सहकारी सांभाळतो. गेल्या महिन्यांत आम्हीं एक नवी आवृत्ति आमच्यापुरती घालूं पाहिली, तेव्हां यंत्रानें ती परत केली. पलीकडच्या मेजावरून त्यानें हळूच विचारलें, “सर, बाकीच्या तेरा जणांना विचारलें का?” आम्ही उठलों, आणि विचारावयास गेलों.